हिलालमास्तरांचा पहिला खोटा अंदाज

हिलालमास्तर सुरतेत लिंबायतच्या एका कापड कारखान्यात माग दुरुस्त करत, पण त्यांचं नाव झालं ते भंगारामुळे. सुट्टीच्या दिवशी लोक देवळात जात, हे भंगारवाल्याकडे जाऊन बसत. कुठल्या यंत्राचे सुटे भाग जास्त येताहेत ते बघत आणि त्या यंत्राचे दिवस भरले, असं जाहीर करत. टाईपरायटर आणि कॅसेट प्लेअर यांना त्यांनी असाच निरोप दिला होता. दोन्ही वेळा ते खरे ठरले, आणि तेव्हापासून त्यांची मान जरा जास्तच ताठ झाली.

अठ्ठ्याण्णव साली कारखान्याच्या शेठने विचारलं, "मास्तर, धोट्याशिवाय चालतो तो नवा माग घेऊ का?" मास्तरांनी भंगारात जुन्या मागांच्या, आडवा धागा नेणाऱ्या धोट्यांचा ढीग पाहिला होता, म्हणजे त्या मागांचे दिवस भरलेच होते. पण जुने माग गेले तर आपली गरज कोणाला? त्यांनी गंभीर चेहरा करून सांगितलं, "शेठ, जुन्याला दहा वर्षं भीती नाही."

शेठ खूश झाला. मास्तरही खूश. आठ दिवसांनी जावई वाल्मिक, आपलं जुन्या मागावरचं काम टिकणार म्हणून, पेढे घेऊन आला. भेस्तानला नव्या मागावर काम शिकायची जागा त्याला मिळत होती, ती त्याने सोडली होती.

"मामा, तुम्हीच सांगं ना, दहा वरीस भ्याव नही," तो म्हणाला.

मास्तरांनी हातातला पेढा खाली ठेवला. लेकीच्या संसारावर आपण धोंडा टाकला, हे त्यांना कळलं. त्यांनी लगेच कबुली दिली, की मी खोटं बोललो. वाल्मिक हसला.

"मामा, तुमना अंदाज कधी चुकस का?"

बायको शोभाबाईलाही खरं वाटेना. गल्लीतला सुपडू तर म्हणाला, मास्तरांना आता विनयाचा आजार झालाय.

मास्तरांनी मग बोलणं सोडलं. दुसऱ्या दिवशी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ते भेस्तानच्या त्या कारखान्यात नवशिक्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पोरं फिदीफिदी हसली. मास्तरांना लाज वाटली, पण पाय हलले नाहीत. दुपारी वाल्मिक धापा टाकत आला आणि त्यांच्या मागे उभा राहिला.

बातमी लिंबायतला पोचायला वेळ लागला नाही. त्याच आठवड्यात शेठने जुने माग विकायला काढले.