निर्गुडीचा फोक आणि एकोडीचा कोयता

आमच्या शेजारच्या भाऊजींइतका झाडपाल्याच्या मागे लागलेला माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तरी तो भाऊजींसारखा आपल्या बुडाच्या काळजीपोटी लागलेला नसेल. सत्तरचं दशक सरत आलं होतं. जवाहरनगरला कारखान्याच्या कॉलनीत आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून. ते स्टोअरवर कारकून, मी नर्स. माणूस किडकिडीत, आवाज असा की बसचा कंडक्टरसुद्धा "कुठं?" म्हणून पुन्हा विचारायचा. पण फांदी दिसली की भाऊजींच्या अंगात यायचं. ती वाकवून बघायची, साल नखानं खरवडायची, चीक निघतो का पाहायचं, आणि मग मनगटाच्या आतल्या बाजूला घासून सकाळपर्यंत वाट बघायची. कॉलनीला वाटे, हे वैदू. एकदा एक बाई मूळव्याधीचं औषध मागायला आली, तर भाऊजी लाजून न्हाणीत शिरले ते ती जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

खरा प्रकार मला वहिनींनी सांगितला. वहिनी उंचपुऱ्या, हसऱ्या, पोटात काही न ठेवणाऱ्या. एका दुपारी पोपटीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "सिस्टर, एक विचारू? हसू नका बरं." मी शपथ घेतली आणि लगेच मोडली. भाऊजींना फोकाचा मार आवडायचा. वहिनींच्या हातचा, दार लावून, दोघांच्या राजीखुशीनं. "पयले मले रडूच आलं," वहिनी म्हणाल्या, "म्हटलं, हा काहून मार मागून राहिला? त्यायनं समजावून सांगतलं, माह्यावर जबरदस्ती नाई केली. आता मलेबी मजा येते, काय लपवू तुमच्यापासून!" त्यांना विचारायचं होतं ते एवढंच, की कुठं मारलं तर इजा होत नाही. मी हसू गिळलं आणि नर्स झाले. म्हटलं, बसायच्या जागेवर, भरल्या मांसावर. कंबर, पाठीचा कणा, गुडघ्यामागची जागा, इथं बिलकुल नाही. कातडी फुटली की तिथंच थांबायचं आणि तो फोक चुलीत घालायचा.

मला कळलंय हे कळल्यावर भाऊजी कितीतरी दिवस घराला वळसा घालून मागच्या गल्लीनं जात. मग एके दिवशी कुंपणापाशी खाकरले आणि जे सुरू झाले ते थांबेचनात. बोर-बाभळीचं नाव काढू नका. कण्हेर विषारी. रुईचा चीक वाईट. बांबूची सल घुसली तर निघता निघत नाही. कडुनिंबाची काडी ऐनवेळी मोडते, आणि मोडकं टोक लागलं म्हणजे झालं कल्याण! सगळ्यात गुणी निर्गुडी. तीसुद्धा गाठी काचेच्या तुकड्यानं घासून, रात्रभर पाण्यात ठेवून, पुसून घ्यायची. थांबवायचा शब्दही त्यांनी ठरवला होता: 'भोंगा'. कारखान्याच्या पाळीसारखं, भोंगा म्हटलं की काम बंद, ओव्हरटाइम नाही. आणि वहिनींची एक अट होती, राग आलेल्या दिवशी फोकाला हात लावायचा नाही. त्यामुळे कधी चुकीची डाळ आणून वहिनींची बोलणी खाल्ली की भाऊजी ओट्यावर असे तोंड पाडून बसत की मला शेजारूनच कळे, आज सुट्टी.

एवढा चौकस माणूस, पण फसला तो जिवतीला. आमच्याकडे जिवतीच्या दिवशी काही घरी धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, बिब्याच्या डहाळ्या रोवतात, पिकाला दृष्ट लागू नये म्हणून. भाऊजी त्यासाठी एकोडीला मोठ्या भावाकडे गेले. भावानं बिबा तोडला, डहाळ्या रोवल्या, आणि यांनी परत निघताना त्याच कोयत्यानं बांधावरची निर्गुडी छाटून आणली. निर्गुडी वर्षानुवर्षांची ओळखीची, तिला आता कशाला तपासायचं? पात्याला लागलेला बिब्याचा चीक फोकावर आला आणि फोकावरून जिथं यायचा तिथं आला. दोन दिवसांनी भाऊजी पालथे पडलेले, आणि अंगावर पट्ट्यापट्ट्यांनी फोड! मी धुऊन, मलम लावून देत होते, आणि वहिनी डोळ्याला पदर लावून उभ्या. हातांना त्यांच्याही फोड आले होते, पण तिकडे लक्ष कुणाचं?

नेमके तेव्हाच मोठे भाऊ दारात. धाकट्याला बरं नाही असं कुणीतरी कळवलेलं. चादर ओढेपर्यंत त्यांनी सगळं पाहून घेतलं. फोड कसलेही असोत, त्याखालचे वळ फोकाचे, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

"कोणं मारलं?" वहिनींची मान खाली. "हिनं? घरवाल्याले ढोरासारखं मारते? चाल, बांध गाठोडं! आजच्या आज तुले तुह्या बापाघरी पोहचवतो. मंग पंचायत बसवतो."

भाऊ म्हणजे त्या घरात देव. वडिलांमागे त्यांनीच भाऊजींना शिकवलं, त्यांच्यापुढे भाऊजी कधी पाटावर बसले नव्हते. मला वाटलं, संपलं. गप्प राहिले तर भाऊजींची अब्रू वाचत होती, मार खाणारा बिचारा नवरा म्हणून दया मिळाली असती. जाणार होतं ते फक्त वहिनींचं घर.

भाऊजी उठले. बसता येत नव्हतं, म्हणून भिंतीला हात टेकून उभे राहिले.

"दादा, तिले काही बोलू नका. मीच मागतलं. माह्या मर्जीनं. मले आवडते."

एवढंच. पण त्या दिवशी आवाज असा स्वच्छ, की मी मलमाची डबी धरून जागच्या जागी उभी राहिले. लाजेनं भाऊजींचे कान लाल झाले होते, पण मान खाली गेली नाही. भाऊंनी खालच्या आवाजात विचारलं, "अन् हे फोड?"

"बिब्याचे. कोयता पुसला नव्हता."

"माहाच कोयता," असं काहीतरी पुटपुटत भाऊ पायऱ्या उतरले. चहासुद्धा घेतला नाही. गावात कुणाला एक शब्द बोलले नाहीत, पण पुन्हा त्या क्वार्टरात पाऊलही टाकलं नाही. भाऊजींना ते फार लागलं. भाऊ वारले तेव्हा भाऊजी एकोडीला जाऊन बांधावर एकटेच रडले, असं वहिनी सांगत.

आता भाऊजीही नाहीत. तेराव्याला मी गेले होते. जो तो वहिनींना म्हणत होता, गरीब माणूस हो, कधी तोंडातून शब्द नाही निघाला. वहिनी नुसत्या मान हलवत होत्या. मंडळी पांगल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "सिस्टर, मले हुंड्यात काय देल्लं, घरात काय आणलं, सारं इसरली मी. माह्यासाठी तो दादापुढं उभा राहिला, तेवढं नाई इसरत."