मालूने परत केलेली वाटी

सून लॅपटॉपवर प्रोग्रॅमची चाचणी लिहीत होती. त्यात दोन वस्तू होत्या, म्हणजे माहितीच्या दोन नोंदी; दोन्हींत नाव तेच, वय तेच. तरी जावास्क्रिप्ट, म्हणजे तिच्या प्रोग्रॅमची भाषा, म्हणे, या एक नव्हेत. पडद्यावर लाल अक्षरं आली.

"आई, याला फक्त आतलं बघायला सांगते," ती म्हणाली. तिने एक शब्द बदलला आणि लालाचं हिरवं झालं.

"मशीनला अक्कल होती, ती तू काढून घेतलीस," मी म्हटलं.

मला ते हिरवं पटलं नाही. कालच शेजारच्या मालूने माझी पितळी वाटी परत केली. घाट तोच, वजन तेच. "तीच आहे, काकू," म्हणाली.

माझ्या वाटीच्या तळाला माझ्या आईचं नाव कोरलेलं होतं. वाटी पुन्हा उलटी केली. तळ गुळगुळीत. मी चपला घातल्या.