गिरणीवालीला दिलेलं मत

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मत टाकायला जाणं. ग्रामपंचायतीची निवडणूक होती, दोन हजार सालानंतरची. ओझरच्या पलीकडं आमचं गाव. शाळेत बायांची रांग वेगळी, गड्यांची वेगळी. मी आधी सुटलो आणि लिंबाखाली तिची वाट बघत थांबलो.

आमच्या वॉर्डात बाईसाठी राखीव जागा होती. आमच्या पॅनलनं पुढाऱ्याच्या बायकोला उभं केलेलं. समोर पिठाच्या गिरणीवाली विधवा. "माझ्या घरातली दोन्ही मतं तुमची," असं मी पुढाऱ्याला चारचौघांत सांगून बसलेलो. आमच्याकडं असंच सांगतात. घरातल्या बाईला कोणी विचारत नाही.

परतताना बांधावर मी सहज म्हणालो, "तिसरं बटण दाबलं ना?"

"नाय. पाचवं."

"पाचवं गिरणीवालीचं, येडे!"

"ठाऊक हाय मला. तुमच्यातली बाई नुसती फोटोत. मीटिंगला तिचा नवरा बोलतो. गिरणीवाली सोताच्या तोंडानं बोलती."

"मग मला आधी का नाय सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कवा? तुम्ही तर सांगता."

"याच्या आधी पण असंच केलंस का?"

ती हसली. "ते नका विचारू."

"गप चाल," म्हणालो, आणि घरापर्यंत मी पुढं, ती मागं.

मला राग कशाचा आला, ते आजही नीट सांगता येत नाही. तिला कारलं आवडायचं, मला त्याचा वाससुद्धा नको. तीस वर्षं ती स्वतःपुरतं कारलं करायची आणि मी कधी काही बोललो नाही. उलट, बाजारात दिसलं की घेऊन यायचो. कारलं चाललं, मग मत का नाही चाललं? का मीच चारचौघांत शब्द देऊन बसलो होतो म्हणून? दुपारभर ओसरीवर बसून मागच्या सगळ्या निवडणुका आठवत राहिलो. कधी हिनं मी सांगितलं तिथं शिक्का मारला आणि कधी नाही, काही मेळ लागेना. जेवायला बोलावलं, तर भूक नाही म्हणालो. भूक होती.

दिवस मावळायच्या आत ती म्हशीची धार काढायला गोठ्यात गेली आणि तिथंच छाती धरून खाली बसली. पोरानं जीपमध्ये घातलं. नाशिकच्या वाटेतच गेली. बांधावरच्या त्या "गप चाल" नंतर मी तिच्याशी चांगला एक शब्द बोललो नव्हतो.

पेठला दिलेली लेक यायची होती, म्हणून माती दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवली. अंगणात सगळं गाव जमलेलं. पुढारी हार घेऊन आला, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "आपली मावशी गेली. पण जाताजाता शेवटचं मत आपल्या पॅनलला देऊन गेली! अशी माणसं मिळत नाहीत."

लोकांनी माना हलवल्या. कोणी म्हणालं, "खरं हाय." कोपऱ्यात बायांमध्ये गिरणीवाली खाली मान घालून बसली होती. तिलाही ते खरंच वाटलं असणार.

पाचवं बटण दाबल्याचं बायकोनं फक्त मला सांगितलं होतं. गावाला सांगायचं का नाही, हे विचारायला ती नव्हती. गप्प बसावं तर मेल्यावरही मीच तिचं मत ठरवल्यासारखं झालं. बोलावं तर तिची गोष्ट चव्हाट्यावर.

तोंडातून निघून गेलं, "नाय. तिनं तुमाला नाय दिलं. गिरणीवालीला दिलं."

पोरगा दंडाला धरून म्हणाला, "आबा, ही काय येळ हाय का?"

"तिचं मत ती ठरवायची," मी म्हणालो. बरोबर बोललो का चूक, तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही. मग वाकलो आणि खांद्यासाठी तिरडीचा पुढचा बांबू धरला.