धवलारणीवाचून निघालेले वऱ्हाड

ती घटना मी विसरलेलो नाही. तिची सुरुवात माझ्याच चुकीने झाली, म्हणून ती सांगताना स्वतःची बाजू राखणे मला शक्य नाही.

मी त्या वेळी कल्याणला फौजदार होतो. आगगाडी येऊन बरीच वर्षे झाली होती, तरी खाडीवरचे बंदर चालू होते. मीठ, भात आणि कौले भरलेले मचवे घोडबंदरावरून वसईकडे जात. बंदरावर आमची एक चौकी होती. तिथे एक हवालदार आणि दोन शिपाई असत. मुकादम लोक गरिबांना फूस लावून समुद्रापार मजुरीला पाठवतात, तरी येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवावी, असा वरून हुकूम होता.

याविषयी कायदाही होता. समुद्रापार मजुरीला जाणाऱ्या प्रत्येकाला सरकारी अधिकाऱ्यापुढे उभे करायचे, तू कुठे जातोस, किती वर्षांसाठी, राजीखुशीने जातोस का, हे विचारायचे आणि मगच करारावर अंगठा घ्यायचा. कायदा वाईट नव्हता. पण आमच्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला पोर्तुगीजांची दमणची हद्द लागते. तिथे भिंत नाही, कुंपण नाही. एक ओढा आणि काही पुरलेले दगड, एवढीच ती हद्द. लोक बाजाराला, सोयरिकीला रोज अलीकडे-पलीकडे करतात. माणूस ओढा ओलांडून गेला की आमचा कायदा अलीकडच्या काठावर राहतो. मुकादमांनी हे फार लवकर ओळखले होते.

तुळशीचे लग्न होऊन आठवडा झाला असेल. सकाळी मी बंदरावर पाहणीला गेलो असताना एक वऱ्हाड मचव्यात बसत होते. खाडीकाठच्या मिठागरांच्या गावांतली आगरी मंडळी होती, बायका आणि पुरुष मिळून चौदा. एका तरुणाच्या कपाळाला मुंडावळ्या होत्या. बरोबर डोक्याला पागोटे बांधलेला एक मुकादम होता, आणि काखेत पंचांग घेतलेले एक भटजी होते. मी भटजींना नमस्कार केला आणि कुठले लग्न म्हणून विचारले. ते म्हणाले, वसईकडचे. मी मान डोलावली. वाटेत उभी असलेली एक मुलगी पदर सावरत बाजूला झाली आणि मी पुढे गेलो. चौकीच्या रोजनाम्यात हवालदाराने नोंद केली: एक वऱ्हाड, संशयास्पद काही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारी कचेरीत आली. गुडघ्यापर्यंत नेसलेले लुगडे, पायांत काही नाही. शिपायाने तिला बाहेर बसायला सांगितले, तर ती सरळ माझ्या मेजापुढे येऊन उभी राहिली. तिची नात घरातून गेली होती. शेजारणीजवळ निरोप ठेवला होता, दुसऱ्या गावच्या मिठागरावर कामाला जाते, लवकर येते. मग मचव्यावरच्या एका तांडेलाने म्हातारीला सांगितले की नात कल्याण बंदरात एका वऱ्हाडात दिसली.

मी म्हणालो, मग चिंता कसली, लग्नाला गेली असेल, येईल.

"कोनाचे लग्नाला?" म्हातारीने विचारले. "आमचे पंचक्रोशीन धवलारीण मीच हाव. मना कोनी बोलावला नाय."

मला अर्थबोध झाला नाही. हवालदार त्याच भागातला होता, त्याने समजावून सांगितले. आगऱ्यांचे लग्न धवलारीण लावते. ती विधीची गाणी म्हणते, देवांना आवतण देते, हळद लावते. भट आला तर आला, पण धवलारणीवाचून लग्न लागत नाही, आणि वऱ्हाड निघते तेव्हा ती सर्वांच्या पुढे असते.

"तुमचे घरान बामणाबिगर लगीन लागल का, सायेब?" म्हातारी म्हणाली. "मंग आमचा कसा लागल?"

तिला बाहेर बसवून मी हवालदाराला विचारले, हे तुम्हाला ठाऊक होते ना?

"होतं, रावसाहेब. मला तिथंच खटकलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही भटजींना नमस्कार केलात," तो खाली बघत म्हणाला. "त्यावर मी काय बोलणार?"

त्याला तंबी देण्याचे सोडून मी भटजींना शोधायला शिपाई पाठवला.

भटजी सापडायला वेळ लागला नाही. ते वसईहूनच परत फिरले होते आणि एका देवळाच्या ओवरीत निजले होते. त्यांना कचेरीत आणले. चौकशीत हात उचलायचा नाही हा माझा नियम होता. मार खाणारा माणूस आपल्याला हवे ते बोलतो आणि खरे तसेच राहते. त्यांना पाणी दिले, बसायला सतरंजी दिली. लग्न कसे झाले, जेवण काय होते, असे इकडचे तिकडचे विचारले. त्यांनी सगळे छान सांगितले. मग मी नवरीचे नाव विचारले. ते अडखळले, मग एक नाव म्हणाले. थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारले, तर नाव बदलले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा त्यांनी उपरण्याच्या टोकाने कपाळ पुसले.

"मला फक्त बरोबर चालायला सांगितलं होतं हो," ते म्हणाले. "भट असला की शिपाई अडवत नाहीत, असं मुकादम म्हणाला."

पुढे जबानी भराभर लिहून झाली. चौदाही जणांना दमणकडच्या मिठागरावर जास्त मजुरीचे काम आहे असे सांगितले होते. वाटेत सरकारी माणसे अडवतात म्हणून वऱ्हाडाचे सोंग घ्या, असे मुकादमाने पढवले होते. सोंग त्या माणसांनीच वठवले होते, हसत वठवले होते. खरे म्हणजे हद्दीपलीकडच्या एका नारळाच्या वाडीत त्यांना ठेवून पुढे गलबताने दूरच्या उसाच्या बेटावर पाठवायचे होते. करार पाच वर्षांचा. गलबत कधी सुटणार, हे भटजींना ठाऊक नव्हते.

ठाण्याला जाऊन मी साहेबांचा लेखी हुकूम घेतला. उत्तरेकडच्या शेवटच्या चौकीच्या ठाणेदाराला तार केली आणि हवालदार, दोन शिपाई व ओळख पटवण्यासाठी म्हातारी, असे आम्ही निघालो. गाडीतून उतरून बैलगाडीने ओढ्यापाशी पोचायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. वाडी समोर दिसत होती. झावळ्यांच्या कुडापलीकडे माणसे हिंडताना दिसत होती. पण ओढ्यापलीकडे माझ्या हुकमाच्या कागदाला किंमत नव्हती. त्या बाजूच्या सरकारचा यात हात होता असे मी म्हणत नाही. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. रीतसर पत्र पाठवून उत्तर येईपर्यंत आठ दिवस गेले असते.

मी हवालदाराशी हे बोलत असताना म्हातारी लुगडे खोचून ओढ्यात उतरलीही होती. हवालदाराने हाक मारली, आजी, पलीकडे परकी हद्द आहे.

"मी काय पोलीस हाव?" ती मागे न वळता म्हणाली.

त्यानंतरचे मी काठावरून पाहिले आणि पुढे परत आलेल्या बायकांच्या जबान्यांतून ऐकले. वाडीच्या राखणदाराला वाटले, कोणाची तरी आजी भेटायला आली. म्हातारीने कोणालाही चल म्हटले नाही. ती मध्ये बसली आणि एकेकीला सर्वांसमोर विचारू लागली, बाय गो, तू परत कवा येशील? एक म्हणाली, शिमग्याला. दुसरी म्हणाली, वर्षाने. तिसरीला मुकादमाने सांगितले होते की तुझा नवरा मागून येतोच आहे. मुकादमाने प्रत्येकीला जे हवे तेच सांगितले होते, आणि एकीचे दुसरीला कळू दिले नव्हते. ती उत्तरे एका जागी आली आणि मुकादमाचे खोटे उघडे पडले. मग एक बाई उठली आणि ओढ्याकडे चालू लागली. राखणदार आडवा आला, पण तो एकटा होता. हद्द इकडून जितकी मोकळी होती, तितकीच तिकडूनही होती.

नऊ माणसे आली. मी काठावर मोजत होतो. दहाव्याची वाट पाहिली, तर म्हातारी एकटी आली. बाकीच्या पाच जणांना मुकादम आदल्या दिवशी बंदरावर घेऊन गेला होता आणि गलबत सुटले होते. नात त्या पाचांत होती. म्हातारीला हे वाडीत शिरताच कळले होते. तरी ती खाली बसली होती आणि तिने दुसऱ्यांच्या मुलींना विचारले होते.

मुकादम महिन्याभराने नवी माणसे जमवायला पुन्हा कल्याणला आला, तेव्हा बंदरावर सापडला. भटजींच्या आणि नऊ जणांच्या साक्षींवर त्याला सजा झाली. त्या पाच जणांबद्दल आम्ही वरपर्यंत लिहिले. उत्तरे आली, माणसे आली नाहीत.

अहवालात मी लिहिले की ओढ्यावर पहारे बसवून हे थांबणार नाही. हद्द शेकडो ठिकाणी ओलांडता येते आणि पहाऱ्याचा जाच होतो तो बाजाराला जाणाऱ्या गरिबाला. माणूस घर सोडतो तिथे, बंदरावर, गाडीत चढताना त्याला विचारले पाहिजे. विचारायचे त्या माणसालाच, मुकादमाला दूर करून आणि त्याच्या बोलीत. गरीब बाईला कुठे जातेस हे विचारण्याची आपल्याला गरज वाटत नाही, तिच्याबरोबरच्या पागोटेवाल्याला विचारून आपण मोकळे होतो. माणसांचा हा सगळा व्यापार आपल्या या एका सवयीवर उभा आहे. अहवाल दाखल झाला. त्यापुढे काय झाले ते मला कळले नाही. माझ्या चौकीपुरते मी हे सक्तीचे केले आणि बायकांना विचारण्यासाठी म्हातारीला बंदरावर बसवले. ती दोन वर्षे बसली.

बदलीचा हुकूम आला तेव्हा मी तिला भेटायला गेलो. मनात होते ते विचारले. त्या सकाळी पदर सावरत वाटेतून बाजूला झाली ती तुझीच नात, असे परत आलेल्या बायकांनी सांगितले; ती माझ्या अगदी समोर उभी होती. मी भटजींना सोडून तिला विचारले असते, तर तिने खरे सांगितले असते का?



"नाय," म्हातारी म्हणाली. "खोटाच बोलली आसती. मुकादमानं पढवली व्हती ना. पन माजी पोर खोटा बोलाचे आदी जराशी थांबाची. तेवऱ्यावरना तुमाला समजला आसता."