दह्यात सोडा

पोटात आंबट झालं की मी अर्धा चमचा खायचा सोडा पाण्यात ढवळून पितो, दणदणीत ढेकर देतो आणि सगळ्या जगाला माफ करून टाकतो. गेल्या उन्हाळ्यात हाच उपाय मी दह्यावर केला. हे वाचून ज्यांनी कपाळावर हात मारला, त्यांच्या घरी रोज दही लागतं हे मी ओळखलं.

वहिनीचा पाय मुरगळला म्हणून बायको नंदाखालला माहेरी गेली होती. जाताना एकच काम सांगून गेली. "अहो, विरजण तेवढं चालू ठेवा. बाकी घराचं काय व्हायचं ते होऊ दे." हे विरजण तिच्या आईचं. लग्नानंतर डब्यातून आलेलं आणि तेव्हापासून आमच्या आचोळ्याच्या घरातल्या ओट्यावर कालच्यातून आजचं होत आलेलं. सासूबाई गेल्या. माहेरी आता पिशवीतलं दही येतं. ती चव उरली होती फक्त आमच्या पातेल्यात, म्हणजे माझ्या हाती.

एक दिवस पूर्ण वीज नव्हती, फ्रिज बंद पडला आणि दही चिंचेसारखं आंबलं. मी जवळजवळ सगळ्या दह्याची कढी करून ओरपली. उरलेलं चमचाभर दुसऱ्या सकाळी कोमट दुधात घातलं आणि आजार मुळापासून जावा म्हणून वर सोडा भुरभुरवला. फार हुशार वाटलं तेव्हा.

संध्याकाळी झाकण काढलं तर दूध, अगदी मोकळं, खळखळतं दूध. नेमका तेव्हाच बायकोचा फोन.

"दादा म्हणतोय, आईच्या दह्याची चव लागून किती वर्षं झाली. उद्या सकाळी येते आणि विरजण घेऊन परत जाते. लागलंय ना नीट?"

"लागतंय," मी म्हणालो. व्याकरणात चूक नव्हती.

मायक्रोबायोलॉजी शिकणारी आमची लेक कॉलेजातून आली. तिने पातेल्यात डोकावून वास घेतला. "बाबा, काय घातलंत?"

मी सांगितलं.

"अहो, तुम्ही त्यांचं बोलणंच बंद पाडलंत!"

"कुणाचं?"

"जिवाणूंचं. एकट्याने सोडलेलं आम्ल कुणाच्या खिजगणतीत नसतं. सगळ्यांचं साठत गेलं की आजूबाजूचं आंबटपण वाढतं. काही जातींना त्यावरूनच कळतं की आपण आता पुष्कळ झालो. मग सगळे एकदम वागणं बदलतात."

"म्हणजे आपल्या सोसायटीसारखं. पाण्याच्या मोटरवरून एकटा कुरकुरला तर कोणी ढुंकून बघत नाही. सगळ्यांची तोंडं आंबट झाली की तासाभरात मीटिंग."

"तसंच. आणि तुम्ही मीटिंगमध्ये सोडा टाकलात." मग ती प्रामाणिकपणे म्हणाली, "दह्यातले अगदी असेच वागतात का, ते मी छातीठोक नाही सांगणार. पण पुरेसं आंबट झाल्याशिवाय दूध घट्ट होत नाही, हे नक्की."

"मेले का गं ते?"

"नसावेत. त्यांनी केलेलं आम्ल सोडा मारतोय. तो संपेपर्यंत त्यांना फुकट राबावं लागणार. गप्प बसा आणि हलवू नका."

गप्प बसणं आमच्या घराण्यात नाही. मी वाटी घेऊन शेजारच्या काकूंकडे गेलो, निदान दिसायला तरी दही असावं म्हणून.

"दिवेलागणीला विरजण मागताय?" काकू दारातच आडव्या. "या वेळेला घरातून दही बाहेर जात नाही. सकाळी या. आणि बायको नाही म्हणून एवढं सैरभैर व्हायचं का?"

रिकामी वाटी घेऊन परतलो. लेक हसली. "बरं झालं. मामाला काकूंच्या आईचं दही खायला घालणार होतात?"

मी वाटी परत मांडणीत ठेवली. पातेलं टॉवेलात गुंडाळून ठेवलं आणि त्याच्याजवळून चोरासारखा पाय न वाजवता फिरलो.

सकाळी बेल वाजली तेव्हा मी झाकणाला हातही लावला नव्हता. बायकोने पिशवी टेकवली, पातेलं उघडून तिरकं केलं. दही हललं नाही. कडेला थोडं पाणी सुटलं होतं, पण लागलं होतं. तिने चमचाभर तोंडात घातलं आणि डोळे मिटले. लेक छताकडे बघत होती, मी लेकीकडे.

"आईचंच आहे," ती हळूच म्हणाली. मग डोळे उघडून, "पण सोडा कशाला घातलात?"

वाटीभर दही डब्यात भरून ती नंदाखालला निघाली. जाताना सोड्याची बरणीही पिशवीत टाकून घेऊन गेली.