अर्डिसच्या टेबलावरचे सज्जन

अर्डिस लिंडविगने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली आणि चाळीस वर्षं शूरवीरांचा खेळ चालवला. दोन्हीकडे कायदा एकच: बसायचं तर नीट बसा, नाहीतर उतरा. विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात टेबलाभोवती चार डोकी, प्रत्येकाचं एक पात्र, गोष्ट पुढे नेणारा एकजण आणि अडलं की फासे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण अर्डिसच्या टेबलावर पात्राच्या कागदाखाली सही करावी लागे. खोटं बोलणार नाही, चोरणार नाही, शरण आलेल्याला मारणार नाही आणि मारू देणार नाही.

तरुणपणी चर्चमधल्या बायकांनी हा सैतानाचा खेळ म्हणून तिला फैलावर घेतलं होतं. तिने सगळे कागद त्यांच्यापुढे टाकले. म्हणाली, "यातला सैतान कुठला ते बोट ठेवून दाखवा. माझी माणसं तुमच्यापेक्षा कमी खोटं बोलतात." त्यानंतर वर्षभर तिच्याशी कुणी धड बोललं नाही. तिचं काही अडलं नाही.

आता वारं फिरलं होतं. आता तिचे वीर फारच सज्जन, मिळमिळीत, म्हणून लोक नाकं मुरडत. तिचं टेबल दर शनिवारी ज्या खेळांच्या दुकानात लागे, त्याचा मालक वेंडेल कुबियाक तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्याने एक दिवस सरळ विषय काढला.

"लोकांना दगाबाज व्हायचं असतं, अर्डिस. मारेकरी, चोर. तुझ्या टेबलावर तीन माणसं, आणि इथेच दुसरा खेळ चालवणाऱ्या त्या पोराकडे बसायला जागा नाही. शनिवारची दुपार त्याला देतो."

"दगाबाज व्हायला माझं टेबल कशाला लागतं? ते तर लोक घरी बसून होतात."

"तुझा खेळ कंटाळवाणा आहे."

"कधी खेळलायस?"

वेंडेलने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "या शनिवारी बसतो. कंटाळलो तर टेबल गेलं."

"बस," अर्डिस म्हणाली.

तोंडावर ती ताठ होती, पण टेबल गेलं तर काय जाईल हे तिला ठाऊक होतं. घरी खेळायला तिला कुणाची बंदी नव्हती. पण घरात ओळखीचेच येतात. दुकानात कुणीही अनोळखी माणूस दार ढकलून येई, खुर्ची ओढून बसे, आणि निदान चार तास तरी भल्या माणसासारखं वागून जाई. तिला तेच हवं होतं आणि ते ती सुखासुखी सोडणार नव्हती.

तो शनिवार नेमका हरणांच्या शिकारीचा. अर्धं गाव रानात. टेबलावर दातांच्या दवाखान्यातली मार्सी, चीजच्या कारखान्यातला लॉनी (शिकारीचं नारिंगी जाकीट अंगावरच, हरीण हुकल्यामुळे तोंड पाडलेलं) आणि वेंडेल. वेंडेलने पात्राचं नाव ठेवलं 'सर साळसूद' आणि हसत हसत सही ठोकली.

पहिला तास त्याने टवाळीत घालवला. मग मार्सी आणि लॉनीचे वीर नदीपार मदत आणायला गेले, आणि पिठाच्या गिरणीत सर साळसूदच्या समोर शत्रूचा एक बुटका शिपाई उभा राहिला. हातात सुरी, पाठ भिंतीला.

"सुरी टाकली तर मारशील?" अर्डिसने शिपायाच्या आवाजात विचारलं.

"नाही मारणार, बाबा. टाक."

त्याने टाकली. तेवढ्यात गिरणीच्या दारावर थाप पडली. शत्रूचाच, पळालेल्या शिपायांना चिरडणारा राक्षस बाहेर उभा. "बुटका आत आहे का?"

"म्हणतो, इथे कुणी नाही," वेंडेल म्हणाला.

"सही केलीयेस."

"बरं, गप्प बसतो."

"गप्प आहेस म्हणजे आत आहे, असं म्हणून त्याने कडीला हात घातला."

"देऊन टाक रे," लॉनी म्हणाला. "कालपर्यंत गावं जाळत होता तो."

वेंडेल देऊ शकला असता. सही मोडली असती, हसून उठला असता, टेबलही त्याचंच झालं असतं. त्याने कागदाखालच्या आपल्या सहीवर बोट ठेवलं.

"आहे," तो म्हणाला. "आत आहे. माझ्या शब्दावर आहे. आणि तू आत येणार नाहीस."

पुढे फासेच फासे. बुटका मागच्या खिडकीतून नदीकडे पळाला. सर साळसूद दारातून हलला नाही. शेवटी त्याच्या अंगात एका घावापुरताही जीव उरला नाही. वीस बाजूंच्या फाशावर राक्षसाला चौदा किंवा वर पडले की खेळ खलास.

खेळ चालवणारे समोर पुठ्ठ्याचा आडोसा ठेवतात आणि त्यामागे फासा हवा तसा वाचतात. सगळेच ठेवतात. अर्डिसने कधी ठेवला नव्हता.

"हाताआड टाक," वेंडेल हळूच म्हणाला. "कोण बघतंय?"

तिलाही तो जगायला हवा होता. हा मेला तर वेंडेल उठून जाणार आणि शनिवार त्याच्याबरोबर जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिने फासा टेबलाच्या मधोमध टाकला. सतरा.

"मेला," ती म्हणाली. "बुटका नदीपार पोचला."

वेंडेल खुर्ची मागे सारून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"वाचवता आला असता तुला. एक शब्द खोटा बोलायचा होता."

"सर साळसूदला पण एकच बोलायचा होता."

"हा अन्याय आहे, अर्डिस. त्या माणसाने काय वाईट केलं होतं? एक तरी गोष्ट सांग."

मार्सी खाली बघत होती. लॉनीने जाकीट काढून खुर्चीला लावलं.

"कंटाळलास?" अर्डिसने विचारलं.

वेंडेलने मेलेल्या वीराचा कागद बाजूला सारला. मग त्याने खुर्ची पुढे ओढली, बसला आणि कोऱ्या कागदासाठी हात पुढे केला.