अटाकामाच्या वाटेवर

चिलीतल्या एका खाणीवर नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. अटाकामाच्या वाळवंटात भर दुपारी आमची गाडी बंद पडली. फोनला रेंज नव्हती आणि दोघांत मिळून अर्धी बाटली पाणी उरलं होतं. मी ती तोंडाला लावणार, तोच माझ्या चिलियन ड्रायव्हरनं, लुईसनं, हात धरला.

"साहेब, नुसते ओठ ओले करा. इथल्या सोऱ्याच्या खाणींसाठी आमचं पेरूशी युद्ध झालं, तेव्हा माझे खापरपणजोबा याच वाळूतून चालत गेले. गोळी लागायच्या आधी माणसं तहानेनंच पडायची."

दोन तासांनी एक ट्रक थांबला. नंबरप्लेट पेरूची होती. लुईस जागचा हलला नाही. ट्रकवाल्यानं न विचारताच पाण्याचा कॅन पुढे केला. आम्ही अधाशासारखे प्यालो.

"त्या जुन्या युद्धात तुमचं कुणी होतं?" लुईसनं अवघडून विचारलं.

"होते की. इथेच, समोरच्या बाजूला."

ते युद्ध पेरू हरला होता. हरलेल्यांचे वंशज ती हार कुठे ठेवत असतील, असं मनात आलं.

ट्रकवाला खाली वाकला आणि आमच्या गाडीला दोर बांधू लागला.